वफ्र्यापर्यंत अनवाणी

माझ्या गावी, परतूरला गेलो की ओळखीचे लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे पाऊस पडतो का, हा पहिला. तिकडे बघण्यासारखं काय आहे, हा दुसरा. पहिल्याला मी 'कधीमधी' असं खरं उत्तर देतो. दुसऱ्याला मात्र इतकी वर्षं 'तसं काही नाही' म्हणून टाळत आलो, कारण कुवेतमध्ये मी माझा कारखाना, एगैलातलं भाड्याचं घर आणि घराजवळचे मॉल यांच्यापलीकडे फारसं काही पाहिलंच नव्हतं. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही कॅराव्हॅन, म्हणजे आत चूल आणि अंथरूण असलेली मोठी गाडी, घेऊन वाळवंटात जाऊन आलो. त्यामुळे आता माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. ते माझ्या प्रतिष्ठेत भर घालणारं नाही, पण परतूरच्या लोकांना माझ्या प्रतिष्ठेची फार काळजी कधीच नव्हती.

आधी माझी ओळख करून देतो, कारण पुढच्या फजितीची चव त्याशिवाय येणार नाही. मी एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. कामगारांनी डोक्यावर हेल्मेट आणि पायात बूट घातलेत की नाही हे पाहणं माझ्या कामाचा भाग आहे. 'पायात बूट नसेल तर पाऊल पुढे टाकायचं नाही' हे वाक्य मी रोज सकाळी चार भाषांत म्हणतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यामुळे मला नियमांबद्दल अतोनात आदर आहे. ज्या माणसाला शाळेत बसायला मिळालं याचंच अप्रूप वाटलं, तो माणूस पुढे कुठलीही पाटी दिसली की थांबून पूर्ण वाचतो.

शुवैख

कॅराव्हॅनची कल्पना माझी बायको वैशालीची. ती नाशिकची, आणि तिला हवापालटाची सवय आहे. कुवेती लोक हिवाळा लागला की वाळवंटात तंबू ठोकून राहतात. ज्या वाळवंटातून त्यांचे आजोबा मोठ्या कष्टानं शहरात आले, तिथेच नातवंडं हौसेनं जाऊन झोपतात, याचं मला नवल वाटायचं. मग लक्षात आलं, की मीसुद्धा सुट्टी मिळाली की परतूरलाच पळतो.

"परतूरहून आई पण आल्या आहेत. मीराला पण सुट्टी आहे. जाऊ या की," वैशाली म्हणाली.

मीरा म्हणजे आमची दहा वर्षांची मुलगी. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं म्हणणं एकमेकांना व्यवस्थित कळतं.

मी एका अटीवर तयार झालो. शुक्रवारी दुपारी वफ्र्याला थांबायचं. तासभर का होईना, पण थांबायचं. वफ्रा हे दक्षिणेला सौदीच्या सीमेलगतचं शेतांचं गाव. तिथल्या एका शेतावर इब्राहिमचाचा राखणदारी करत होते आणि त्याच शुक्रवारी ते कुवेत कायमचं सोडून आपल्या गावी, बाणकोटला परत चालले होते. "दुपारची अस्रची नमाज झाली की गाडी निघेल," ते फोनवर म्हणाले होते. "आलास तर आलास. नाय आलास तरी माझी दुवा हायच."

या माणसाचं माझ्यावर काय ऋण आहे ते सांगतो. मी कुवेतला पहिल्यांदा आलो तेव्हा चाचा मला इथे आणणाऱ्या, कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीचे मंदूब होते. मंदूब म्हणजे सगळ्यांचे कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात मला मुलाखतीसाठी कारखान्याच्या फाटकावर न्यायचं होतं. मी परतूरच्या आठवडी बाजारातून नवे बूट घेऊन आलो होतो. बाजारातल्या माणसानं ते लग्नासाठी बनवले असावेत, उन्हासाठी नव्हे. फाटकासमोर उतरताना उजव्या बुटाचा तळ गाडीतच राहिला आणि वरचा भाग माझ्या पायाबरोबर खाली आला. फाटकावरच्या रखवालदारानं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मान हलवली. आत बंद बुटांशिवाय प्रवेश नव्हता. मी रडायच्या बेताला आलो. चाचा गाडी घेऊन गेले आणि थोड्या वेळानं काळे कातडी बूट घेऊन आले.

"घाल," ते म्हणाले. "विचारू नको."

बूट मला मोठे होते. चाचांनी गाडीतलं मल्याळी वर्तमानपत्र फाडून दोन्हींत कोंबलं. मी ती मुलाखत मल्याळी बातम्यांवर उभा राहून दिली आणि नोकरी मिळवली. नंतर बूट परत द्यायला गेलो तर म्हणाले, "ठेव. आता त्यांना तुझी सवय झाली."

बुटाच्या आत नऊ हा आकडा होता. तो मी कधी विसरलो नाही. म्हणून शुवैखला कॅराव्हॅन आणायला जायच्या आधी मी एका चांगल्या दुकानातून चाचांसाठी काळे, कातडी, नऊ नंबरचे बूट घेतले. शिवाय एक भाषणही तयार केलं. भाषण मराठीत होतं, मध्ये एक हिंदी वाक्य होतं, आणि शेवट इतका चांगला जमला होता की आरशासमोर म्हणताना माझाच गळा भरून यायचा.

शुवैखच्या गॅरेजांच्या रांगेत कॅराव्हॅन उभी होती. मालक सिरियन होता आणि त्याचा मल्याळी मेकॅनिक आम्हाला हिंदीत सगळं समजावून देत होता. इथे गॅस, इथे पाणी, हे बटण दाबलं की पायरी बाहेर येते, पुन्हा दाबलं की आत जाते. त्या पायरीवर मी फार खूश झालो. तीन-चार वेळा बाहेर-आत करून पाहिली.

"एक ही बात," मेकॅनिक शेवटी गंभीरपणे म्हणाला. "अंदर रेत नहीं. मालिक को रेत पसंद नहीं."

वाळवंटात जाणाऱ्या गाडीत वाळू नको, या मागणीतला विनोद दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला असता. मी मात्र खिशातून पेन काढून लिहून घेतलं.

कबद

पहिला मुक्काम कबदच्या वाळवंटात. शहर सोडून थोडं आत गेलं की सपाट माळ लागतो आणि त्यावर दूर दूर तंबू दिसतात. वाळू म्हणजे चित्रातल्यासारख्या सोनेरी टेकड्या असतील असं आईला वाटलं होतं. तिनं खाली उतरून चिमूटभर उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाली, "ही तर मुरूम मिसळलेली माती हाय रे दत्ता. एवढ्यासाठी विमानानं आणलास व्हय मला?"

मी लगेच नियम जाहीर केला. गाडीत चपला-बूट घालून कुणी यायचं नाही. दाराबाहेर काढायचे, ओळीत ठेवायचे, पाय झटकायचे आणि मग आत. आईला तर हे सांगायचीही गरज नव्हती. "घरात चप्पल घालून कोण येतंय?" ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं प्रश्न सोपा होता. आत चूल आहे, अंथरूण आहे, मी दर्शनी कपाटावर ठेवलेला गणपती आहे, म्हणजे हे घर आहे. चाकं हा त्या घराचा दुय्यम गुण.

संध्याकाळी शेजारच्या तंबूतून एक वयस्क कुवेती गृहस्थ मोठं ताट घेऊन आले. भात, त्यावर बेदाणे आणि तळलेला कांदा, आणि त्याखाली कोंबडी. आपलं नाव त्यांनी अबू फहद असं सांगितलं. त्यांच्या वडिलांचा पूर्वी मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे त्यांना कामापुरती हिंदी येत होती. आई शाकाहारी. तिनं भाताला हात लावला नाही, पण रिकामं ताट परत द्यायलाही तयार होईना.

"रिकामं ताट कसं द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"आई, इथं कुणी काही म्हणत नाही."

"म्हणत नसतील. मनात म्हणतील."

तिनं ताटात धपाटे रचले, बाजूला शेंगदाण्याच्या चटणीचा ढीग ठेवला आणि मला पाठवलं. थोड्या वेळानं तेच ताट खजूर भरून परत आलं. आईनं त्यात चिवडा भरला. ते पुन्हा आलं, तेव्हा त्यात कसलीशी खारी बिस्किटं होती. शेवटी वैशालीनं आईला हात जोडून थांबवलं. नाहीतर आमचा शिधा आणि त्यांचा शिधा यांची पूर्ण अदलाबदल झाली असती.

सकाळी वारा सुटला. खुर्च्या, चटई रात्रीच आत घेतल्या होत्या. चहा आत झाला, पोहे आत झाले. निघताना मी सुरक्षा अधिकाऱ्याला शोभेल अशी तपासणी केली. गॅस बंद, खिडक्या बंद, पाण्याची टाकी बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या. चालकाच्या जागेवर आतूनच जाता येत होतं. मी ऐटीत बटण दाबलं. पायरी आत गेली. आम्ही निघालो.

चतुर वाचकाला एव्हाना कळलं असेल. आम्हाला कळायला वफ्रा यावं लागलं.

वफ्रा

वफ्र्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना आधी नुसता माळ, मग तेल उपसणारे पंप. ते संथपणे मान खाली-वर करत राहतात. मीरानं त्यांना 'व्हेरी टायर्ड घोडे' असं नाव दिलं. घोडे हा शब्द मराठीत आला म्हणून मला केवढा आनंद झाला! त्यानंतर एकदम हिरवं सुरू झालं. जाळीच्या छपराखाली काकड्या, खजुराच्या ओळी, आणि उघड्या वाळूत गुडघ्याएवढे कोबी.

"एवढ्या वाळूत कोबी!" आई म्हणाली. तिचा मुरमाचा राग तिथं संपला.

गावाच्या अलीकडेच माझ्या फोनवर सौदी अरेबियात स्वागत असल्याचा संदेश आला. सीमा तशी अजून पुढे होती, पण फोनला घाई झाली होती. तो पलीकडच्या मनोऱ्याला जाऊन चिकटला आणि चाचांना लावलेला एकही फोन लागेना. चाचांचं शेत नेमकं कोणतं ते मला माहीत नव्हतं. ते रस्त्यावर येऊन उभे राहणार असं ठरलं होतं. मी बाजाराच्या चौकात गाडी लावली. शुक्रवारची मोठी नमाज सुरू होती, दुकानं बंद होती. मी म्हणालो, "मी कुणाला तरी विचारून येतो." बुटांचं खोकं काखेत घेतलं, मनातल्या मनात भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं, बटण दाबलं. पायरी बाहेर आली. मी दार उघडलं आणि सवयीनं पायरीखाली पाहिलं.

वफ्र्याचा डांबरी रस्ता होता. रिकामा.

"वैशाली," मी म्हणालो, "आपल्या चपला कुठे आहेत?"

"बाहेर," ती आतून म्हणाली. "ओळीत. तुम्हीच सांगितलं होतं ना."

 वैशाली दारात आली. तिनंही खाली पाहिलं. मग मीरा आली.

"बाबा, वेअर आर माय शूज?"

"कबदमध्ये," मी म्हणालो.

वैशाली दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "अहो, तुम्ही सुरक्षा अधिकारी ना? चार भाषांत सांगता ना तुम्ही?"

"चूक माझी नाय," आई आतून म्हणाली. "घर निघून जातंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

कबदला परत जाऊन यायचं तर दोन-तीन तास गेले असते, आणि तोवर चाचा विमानतळाच्या वाटेला लागले असते.

"ते खोक्यातले घाला की," वैशाली डोळे पुसत म्हणाली.

"ते चाचांचे आहेत."

"फक्त त्यांना शोधेपर्यंत."

"भेट द्यायचे बूट आधी मी वापरू? आणि वापरलेले बूट त्यांना देऊ?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीची पँट, फुल बाह्यांचा शर्ट आणि अनवाणी पाय, काखेत कोरे बूट, असा उभा होतो. "जा मग," ती म्हणाली. "काटे बघून जा."

वफ्र्याच्या बाजारात बारीक खडी भरपूर आहे. प्रवाशांनी हे ध्यानात ठेवावं. मी गरम तव्यावरून चालल्यासारखा टाचा उचलत मशिदीपर्यंत गेलो. दाराबाहेर चपलांच्या ओळी लागलेल्या होत्या. इतक्या चपला एका जागी पाहून माझे डोळे निवले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, म्हणजे नमाज सुटली की बाहेर येणाऱ्या कुणालाही विचारता येईल. अनवाणी माणसानं दुसऱ्यांच्या चपलांपाशी उभं राहू नये, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकात ते दिलेलं नाही.

नमाज सुटली. सगळ्यात आधी एक धिप्पाड पाकिस्तानी ट्रक ड्रायव्हर बाहेर आला. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा कळवळला.

"भाई, जूते गए?"

मला खोटं बोलता येत नाही. "गए," मी म्हणालो.

"कहाँ उतारे थे?"

"बाहर. दरवाज़े के पास."

"देखो ज़माना!" तो मागून येणाऱ्यांना म्हणाला. "जुमे के दिन! अल्लाह के घर से!"

माणसं जमली. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, भाजीवाला अरबीत तळतळून काहीतरी म्हणाला. एका बंगाली माळ्यानं आपली रबरी चप्पल काढून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः अनवाणी उभा राहिला. मला भरून आलं. आणि त्याच वेळी घामही फुटला, कारण आता खरं सांगायला हवं होतं.

"नहीं नहीं, यहाँ नहीं गए. कबद में गए."

"कबद में?" ड्रायव्हर म्हणाला. "कबद से यहाँ तक नंगे पाँव आए? नमाज़ के लिए?"

गर्दीत आदराची कुजबुज झाली. मी घाईघाईनं मान हलवली. "घर में आया. मतलब, घर चल के आया. हम अंदर थे."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ऊन लागलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात त्यानं विचारलं, "और इस डिब्बे में क्या है?"

"जूते," मी म्हणालो.

"आपके?"

"नहीं. दूसरे आदमी के."

आदराची कुजबुज थांबली. बंगाली माळ्यानं आपली चप्पल हळूच पायानं मागे ओढून घेतली. सगळे आधी खोक्याकडे आणि मग आपापल्या पायांकडे पाहू लागले. आणि तेवढ्यात मशिदीच्या दारातून ओळखीचा आवाज आला.

"अरे, हा तर माझा परतूरकर! काय रे मेल्या, आयलास तू?"

इब्राहिमचाचा. दाढी पूर्ण पांढरी झालेली, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पायांशी नजर थांबली, आणि ते असे हसले की त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

"फाटकावर पण असाच उभा होतास! एवढ्या वर्षांत एक जोड टिकवता नाय आला तुला?"

त्यांनी गर्दीला अरबीत आणि हिंदीत काय सांगितलं कोण जाणे, पण सगळे हसायला लागले. ड्रायव्हरनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की खोकं पडता पडता वाचलं. बंगाली माळ्यानं चप्पल पुन्हा पुढे केली. मी ती घालून गाडीपर्यंत गेलो आणि चाचांनी ती त्याला परत नेऊन दिली.

कॅराव्हॅनच्या दारात चाचांनी आपल्या सँडल काढल्या. मी झडप घालून त्या उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. एका दिवसात एवढं तरी शिकलो होतो.

आत आईनं सतरंजी घातली. चाचांनी तिला आदाब केला, तिनं नमस्कार केला. मी उभा राहिलो आणि भाषणाला सुरुवात केली. "चाचा, आज माझ्या आयुष्यात जे काही आहे..." इथपर्यंत आलो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.  मग मला एकच गोष्ट सुचली. मी त्यांच्या पायांशी वाकलो. चाचा टुणकन मागे सरकले.

"अरे, अरे! हे नको. आमच्यात असं नाय चालत. ऊठ."

त्यांनी मला धरून उठवलं आणि मिठीत घेतलं. आमच्याकडे बापसुद्धा इतक्या जोरात मिठी मारत नाही. माझा बाप तर हात उंच करून 'बरंय' एवढंच म्हणायचा. मिठीतून सुटल्यावर मी खोकं पुढे केलं.

चाचांनी झाकण काढलं. बूट हातात घेतले. आतला आकडा पाहिला. मग त्यांनी बूट बाजूला ठेवून आपला पाय त्याच्या शेजारी ठेवला. तो पाय लहानसा, रुंद, टाचेला भेगा पडलेला होता. सहा नंबरपेक्षा मोठा नसावा.

"नऊ कशाला घेतलास रे?"

"तुम्ही दिलेले नऊ नंबरचे होते."

"ते माझे कुठले?" चाचा म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या मिसरी हिशोबनीसाचे ते. चांगला उंच बाप्या होता. त्याचा जास्तीचा जोड टेबलाखाली असायचा. मी त्याला म्हणालो, एक पोरगा फाटकावर उघड्या पायानं उभा हाय. तो म्हणाला, घेऊन जा. मी जन्मात बूट घातला नाय. मला चावतात."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं नाही, एवढे तिचे उपकार. इतकी वर्षं ज्या पायांबद्दल मी कृतज्ञ होतो, ते पाय मी आज पहिल्यांदा नीट पाहत होतो. कारखान्यात मी शेकडो माणसांच्या पायांकडे रोज पाहतो. चाचांच्या पायात कायम सँडल असतात, हे मला कधी दिसलं नव्हतं. आणि ज्या माणसाचे बूट घालून मी नोकरीला उभा राहिलो, त्याचं नाव चाचांनाही आता आठवत नव्हतं.

"मग हे आता काय करायचे?" मी विचारलं.

"तू घाल," चाचा म्हणाले. "उघड्या पायानं मला निरोप देणार काय?"

"मला मोठे होतात."

"तेव्हा पण होत होते."

बाजारात दुकान उघडलं होतं. चाचांनी तिथून भाजीच्या जाहिरातींचे कागद आणले, सतरंजीवर बसले आणि दोन्ही बुटांत स्वतःच्या हातानं कोंबले. मी मधे हात घालायला गेलो तर हातावर चापट बसली. मीरा बघत होती. "ही इज लाइक आजोबा," ती म्हणाली. मग चाचांकडे बघून मराठीत म्हणाली, "माझ्या बाबांचा पाय लहान आहे."

"लहान नाय," चाचा म्हणाले. "बूट मोठा हाय."

आईनं मात्र भाषण नाही की बूट नाहीत, सरळ धपाट्यांचा डबा उघडला. चाचांनी धपाट्याचा पहिला घास चटणीत बुडवून खाल्ला आणि डोळे मिटले. "तिखट हाय," ते म्हणाले आणि दुसरा उचलला. "वहिनी, घरच्या हातचं तव्यावरून आलेलं खाऊन वर्षं झाली. इथं मीच करायचो आणि मीच खायचो." आईनं उरलेले सगळे बांधून दिले. चाचांचा मुलगा बाणकोटला विमानाचं जेवण कसलं होतं विचारेल तेव्हा तुम्ही परतूरचं सांगा, असं तिनं बजावलं.

शेताची पिकअप आली. चाचांची एक बॅग, एक गुंडाळलेली वळकटी, आणि आमच्यासाठी त्यांनी बाजूला काढलेली काकड्यांची गोण. त्यांनी गोण आमच्या गाडीत चढवली आणि माझ्या बुटांवर एकदा नजर टाकली.

"चालून दाखव."

मी रस्त्याच्या कडेनं दहा-बारा पावलं चाललो. कागद आत कुरकुरत होते. टाच उचलली की बूट क्षणभर मागे राहायचा आणि मग यायचा. मुलाखतीच्या दिवशी मी अगदी असाच चाललो होतो.

"शाबास," चाचा म्हणाले. "नोकरी पक्की."

पिकअप निघाली. ती पंपांच्या माना हलतात त्या बाजूनं दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो. मी बुटांत, वैशाली आणि आई अनवाणी, मीरा मोज्यांवर.

परत कबद, आणि घर

संध्याकाळी आम्ही कबदला त्याच जागी पोचलो. आमची गाडी जिथं उभी होती तिथं अबू फहद एका घडीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या समोर तेच मोठं ताट, आणि ताटात आमच्या चपला-बूट ओळीनं मांडलेले. वाऱ्यानं वाळूखाली जाऊ नयेत म्हणून वर रुमाल टाकला होता.

"सुबह हम देखा," ते म्हणाले. "घर गया. जूता इधर. हम सोचा, आदमी इधर ही होगा. बहुत ढूँढा."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पायातल्या कोऱ्या बुटांवर गेली. त्यांनी काही विचारलं नाही. मोठ्या लोकांना काही गोष्टी न विचारण्याचं वळण असतं. आईनं चपला उचलल्या, ताट पुसलं आणि त्यात काकड्या भरल्या.

शनिवारी शुवैखला गाडी परत दिली. मेकॅनिकनं आत डोकं घालून कोपरे पाहिले, सतरंजी उचलून पाहिली आणि खूश झाला. "एक दाना रेत नहीं," तो म्हणाला. "ऐसा कस्टमर नहीं देखा." आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ही सगळ्यात महागात पडलेली.

बूट मी दर रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, कारखान्यात घालून जातो. कागद तेच आहेत. सकाळी रांगेसमोर उभा राहून 'पायात बूट नसेल तर' म्हणायला लागलो की आवाज पूर्वीइतका खणखणीत निघत नाही. कामगारांना वाटतं, साहेबांचा घसा बसलाय.

मागच्या आठवड्यात बाणकोटहून चाचांनी फोटो पाठवला. घराच्या ओट्यासमोरची पायरी, आणि पायरीवर मुलाच्या, सुनेच्या, नातवंडांच्या चपलांची लांबच लांब ओळ. एका टोकाला थोडी जागा मोकळी सोडलेली. फोटोखाली त्यांचा आवाज होता. मागे समुद्र ऐकू येत होता.

"ही आमच्या घरातली सगळ्यांची. टोकाला तुमची जागा ठेवलीय. बिनधास्त बाहेर काढा. आमचं घर हलत नाय."